अ, ब आणि आमची वहिनी

आमच्या वहिनीला उत्तर देता येणार नाही असा प्रश्न अजून जन्माला यायचाय. उत्तर बरोबर असेलच असं नाही, पण ते येणार, ताबडतोब येणार आणि ठणकावून येणार. टोकावड्यात आमचं घर रस्त्यालगतच आहे. माळशेजला निघालेली माणसं गाडी थांबवून वाट विचारतात, आणि त्याला 'सरळ जा' यापलीकडे उत्तरच नाही. पण एवढ्यावर भागवील ती वहिनी कसली! एकदा तिने एका गाडीला असा काही शॉर्टकट सांगितला की ती मंडळी भलतीकडेच, डोळखांबला पोचली आणि संध्याकाळी परत आमच्याच दारात येऊन थांबली. वहिनी जराही शरमली नाही. "डोंगर तिकडं पन हायत ना?" म्हणाली, सगळ्यांना चहा पाजला आणि पुन्हा वाट सांगायला लागली. तेव्हा मात्र मीच धावत पुढे झाले.

अशा बाईने एलएलबीची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलं यात नवल ते काय! बी.ए. तिने लग्नानंतर भात झोडता झोडताच केलं होतं. या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत, असं मी वाचून दाखवलं तेव्हा तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "गो, ही परीक्षा माझ्यासाठीच काढलेय!" दादाचं मत कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही, लग्न झाल्यापासून तो असाच सुखात आहे. अडचण होती ती बाबांची. आमचे बाबा गावातली भांडणं मिटवतात. बांधावरून, वाटेवरून, कोंबड्यांवरून पेटलेली माणसं आमच्या ओट्यावर येतात आणि चहा पिऊन हसत जातात. "वकील घरात आला का भांडान घरात आला," असं म्हणून बाबांनी निकालच देऊन टाकला. "पेपर हौसेनं दे. पन कालेजात जायाचा नाय." वहिनी "बरं" म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ घरात फक्त बाबांनाच कळत नसे.

तिचा अभ्यास म्हणजे गावजेवण. एका जागी गप्प बसून तिच्या डोक्यात अक्षर शिरायचं नाही. तांदूळ निवडताना राज्यघटना, भांडी घासताना इंग्रजी शब्द, आणि सगळं खड्या आवाजात. ऐकून ऐकून शेजारच्या काकूंना मूलभूत हक्क पाठ झाले आणि त्यांनी ते नवऱ्यावर वापरायला सुरुवात केली. पण एका ठिकाणी घोडं अडलं. कायद्याच्या प्रश्नांत आधी एक तत्त्व दिलेलं असतं, मग घडलेली हकीकत. ते तत्त्व हकीकतीला लावायचं आणि उत्तर द्यायचं, बस्स. समजा, 'अ'च्या झाडाची फांदी 'ब'च्या पत्र्यावर पडली, तर भरपाई कोणी द्यायची? वहिनीला आधी 'अ' कुणाचा कोण ते कळायला हवं. "शेजारी हायत ना दोघं? मंग कोर्टात कशाला जातील? आनि त्या ब-ला वाकलेली फांदी दिसत नव्हती?" सरावाच्या प्रत्येक पेपरात ती अ आणि ब यांची दिलजमाई करून मोकळी व्हायची. दिलजमाईला मार्क नव्हते.

बाबा ओट्यावर सुपारी कातरत हे ऐकत होते. कॉलेजला त्यांचा विरोध कायम होता, पण डोळ्यांदेखत चुकीचा निवाडा झालेला त्यांना सोसेना. एका दुपारी ते कडाडलेच, "पोरी, तत्त्व काय लिवलाय? तेवढाच बघ. मानसा बघू नको!" जन्मभर माणसं बघूनच निवाडे केलेल्या बाबांनी हे बोलावं! मला हसू आवरेना. पण त्या दिवसापासून रोज दुपारी बाबाच प्रश्न वाचायला बसू लागले. वहिनी पाघळली रे पाघळली की अडकित्ता आपटायचे, "तत्त्व!"

आणि मग आमच्या शेळीने काकूंची भेंडी फस्त केली. काकू तणतणत आल्या. बाबांनी नेहमीचा सूर लावला, "मुका जनावर गो, सोडून दे. चहा घे." तेवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आली.

"बाबा, तत्त्व काय? जनावर ज्याचा, नुकसान त्याच्या अंगावर."

"अगो, पन हिचा कुंपान मोडलेला—"

"कुंपनाचा तत्त्वात काय लिवलेला नाय."

बाबांचा चेहरा काय बघण्यासारखा झाला म्हणून सांगू! मुकाट्याने उठले, आमच्या वाडीतली भेंडी तोडली आणि स्वतः काकूंच्या घरी नेऊन दिली, वर "चुकला आमचा" असंही म्हणून आले. परत येऊन ओट्यावर टेकले आणि मला म्हणाले, "हिला कालेजात घालायलाच लागल. घरात ठेवली तर माझा एक निवाडा टिकायचा नाय." चिडल्याचा आव त्यांनी बरा आणला होता, पण कौतुक कुठे लपतं?

परीक्षा झाली. वहिनीने एकही प्रश्न सोडला नाही, हे सांगायला नकोच. ती पास झाली, कल्याणच्या कॉलेजात नंबर लागला, आणि "मीच शिकवली" असं सांगत बाबांनी गावभर पेढे वाटले. रोजचं येणं-जाणं झेपणारं नाही, म्हणून आता ती आठवडाभर कल्याणला बहिणीकडे राहते आणि शनिवारी घरी येते. ओट्यावर भांडणं घेऊन माणसं अजूनही येतात. बाबा सगळं ऐकून घेतात, चहा पाजतात आणि सांगतात, "शनिवारी या. ती आली का मंग बघू."

घरात फार शांतता झाली आहे. खरंच सांगते, मला करमत नाही. परवा जेवता जेवता बाबांनी मध्येच विचारलं, "आज वार कंचा गो?"

"मंगळवार."

"अजून मंगळवारच?" म्हणाले, आणि ताटातल्या भाताकडे बघत बसले.