मनोहरने गती निम्मी केली

आर्या आणि निखिल, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. पुरवणीत छापून आलं तर इतरही वाचतील, पण लिहिताना डोळ्यांसमोर तुम्ही दोघं आहात. माझा धाकटा भाऊ मनोहर, म्हणजे तुमचे मामाआजोबा, गेले त्या दिवशी तुम्ही तिकडून व्हिडिओवर होतात. आर्याने विचारलं होतं की मामाआजोबा नक्की काय काम करायचे, आणि घाईत कोणीतरी उत्तर दिलं, "दिग्रसच्या जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन होते." उत्तर खरं आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर तो तुम्हाला अर्धाच कळेल, आणि उरलेला अर्धा सांगू शकणारी माणसं आता फार राहिलेली नाहीत... म्हणून आत्ताच लिहिते.

त्या दुपारी त्याच्या बायकोचा, शोभाचा फोन आला. "ताई, मी केव्हाची हाका मारून राह्यली, हे उठूनच नाही राह्यले." जेवून आडवा झाला होता, तो तसाच गेला. मी यवतमाळहून मिळाली ती एसटी धरली. दारव्ह्यापर्यंत मला एकच गोष्ट आठवत होती. तीच सांगते.

कापसाचे ते दिवस वाईट होते. भाव पडलेले, आज वाढेल उद्या वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरात दाबून ठेवलेला, आणि मग नाइलाज झाला की सगळा एकदम जिनिंगमध्ये यायचा. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. तिथल्या आवारात सरकी न काढलेल्या कापसाच्या गंज्या लागायच्या, दुमजली घराएवढ्या. त्यातला काही कापूस अवकाळी पावसात भिजलेला असे, काहींनी वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं असे. ओला कापूस दाबून ठेवला की आतल्या आत तापतो. बाहेरून पांढराशुभ्र दिसतो आणि पोटात धुमसत असतो. एका उन्हाळ्यात अशीच गंजी पेटली आणि विझवायला धावलेल्या चौकीदाराचे दोन्ही हात भाजले. गावात बोललं गेलं की वायरिंग मनोहरचं होतं. वायरिंगचा त्यात काही संबंध नव्हता, मालकांनाही ते ठाऊक होतं, पण मनोहर आठवडाभर धड जेवला नाही. मग एका रविवारी तो माझ्याकडे यवतमाळला आला आणि म्हणाला, "ताई, गंजीच्या पोटात काय चाललं ते बाहेर दिसलं पाह्यजे. मी कॉम्प्युटर बनवतो."

तोवर लोक घरोघरी तयार संगणक आणू लागले होते. त्याला तो नको होता. त्याला हवा होता वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बनावटीचा, आठ बिटांचा झेड-एटी प्रोसेसर, ज्याचा प्रत्येक पाय त्याला ठाऊक होता. मोबाइल आल्यामुळे गावोगावचे एसटीडी-पीसीओ बंद पडत होते आणि त्यांची बिल काढणारी यंत्रं भंगारात निघत होती. मनोहरने दिग्रस, पुसद, ढाणकी इथल्या भंगारवाल्यांकडून ती गोळा केली. त्यातून प्रोसेसर काढले, मेमरीच्या चिप काढल्या. जे मिळालं नाही ते नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून आणलं. राहिला तो क्रिस्टल, म्हणजे प्रोसेसरला ताल देणारा लहानसा धातूचा तुकडा. सेकंदाला किती ठोके, ते तो ठरवतो. मनोहरने तो एका बिघडलेल्या रंगीत टीव्हीतून काढला. चव्वेचाळीस लाखांच्या आसपास ठोके.

आता इथे माझा संबंध आला. मनोहर आयटीआयला शिकलेला, मी शाळेत इंग्रजी शिकवणारी. चिपबरोबरचे माहितीचे कागद इंग्रजीत असत, ते मी रविवारी दिग्रसला त्याच्या घरी गेले की त्याला मोठ्याने वाचून दाखवत असे. मेमरीच्या कागदावर लिहिलं होतं की विचारल्यापासून उत्तर मिळेपर्यंत तीनशे नॅनोसेकंद लागतील. मला नॅनोसेकंद म्हणजे काय ते कळायला वेळ लागला, पण बाकीचं लगेच कळलं. वर्गात मी प्रश्न विचारते, मूल आठवून उत्तर देतं. त्याला आठवायला वेळच न देता मी पुढचा प्रश्न टाकला तर ते काहीतरी भलतंच बोलेल. टीव्हीच्या क्रिस्टलचा ताल एवढा जलद होता की या मेमरीला आठवायला पुरेसा वेळ मिळत नव्हता. मी तसं म्हटलं. मनोहर हसला. "कंपनी भिऊन लिहिते, ताई. तीनशे म्हणते अन् दोनशेतच देते." त्याने लावून पाहिला, आणि खरंच बोर्ड चालला. क्रिस्टलच्या पुढे अजून एक चिप लावली की ठोके निम्मे करता येतात, हेही त्याला माहीत होतं. त्याने ती जागा बोर्डावर ठेवली आणि रिकामी सोडली.

शोभा स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती म्हणाली, "गंजी काय उठून पळते का कुठं? तुमाले एवढी घाई काहून?"

"एवढा चांगला प्रोसेसर अन् त्याले बैलगाडीवानी हाकू का?" तो म्हणाला. या उत्तरावर त्या घरात बरेच दिवस चेष्टा चालली. पाणी तापायला उशीर झाला की शोभा म्हणे, थांबा, माझी बैलगाडी हाये.

होळीनंतर बोर्ड पुरा झाला. लांब नळ्यांच्या टोकांना उष्णता मोजणारे सेन्सर, त्या नळ्या गंजीत खुपसायच्या, आणि बोर्ड एकेका नळीचा क्रमांक आणि तिथलं तापमान आळीपाळीने लाल आकड्यांत दाखवणार. एका हद्दीच्या वर गेलं की भोंगा. भारनियमनासाठी शेजारी ट्रॅक्टरची बॅटरी. मनोहरने बोर्ड घरी टेबलावर ठेवून बरेच दिवस न थांबता चालवून पाहिला, एकदाही चुकला नाही. मग तो जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये भिंतीवर बसवला. मालक खूश झाले. तोवर गंजी तपासायची रीत वेगळी होती. चौकीदार लांब लोखंडी सळई गंजीत खोल घालायचा, थोड्या वेळाने ओढून काढायचा आणि तळहाताने चाचपायचा. बोर्ड आल्यावर ती सळई मागच्या बाजूला कपडे वाळत घालायला गेली.

एप्रिलात शाळेला सुट्टी लागली आणि मी दिग्रसला गेले. मनोहर दुपारचा जेवायला घरी येईना, म्हणून शोभा आणि मी डबा घेऊन जिनिंगमध्ये गेलो. ऊन असं होतं की शेडचं टिन कडकड वाजत होतं. कवडी, म्हणजे डागी कापूस वेचणाऱ्या बाया जेवून गंजी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या सावलीत आडव्या झाल्या होत्या. पंधरा-वीस असतील, काहींना झोपही लागली होती. आम्ही शेडमध्ये बोर्डाखालीच बसलो. लाल आकडा होता तिसरी नळी, एक्केचाळीस. बाहेरच्या हवेपेक्षाही कमी. मी मनात म्हटलं, गंजी आपल्यापेक्षा सुखात आहे.

मनोहर भाकरी मोडत होता. बोलता बोलता त्याने वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, आणि हात थांबला. तो अगदी हळू म्हणाला, "ताई, तो आकडा पाह्य. बदलते का?"

मी पाहत राहिले. तिसरी नळी, एक्केचाळीस. चौथी यायला हवी होती, पाचवी यायला हवी होती... आकडा तसाच होता. आम्ही आलो तेव्हाही तोच होता. मी म्हटलं, "नाही बदलत."

बोर्ड बंद पडला असता तर बरं झालं असतं, कोणाला तरी कळलं असतं. तो जागीच थिजला होता आणि सगळं ठीक असल्याचं सांगत होता. केव्हापासून, ते कोणालाच माहीत नव्हतं. मनोहरने डबा बाजूला सारला, पण तो धावला नाही. आग म्हणून ओरडलं असतं तर त्या अरुंद बोळीत बाया एकमेकींना तुडवत निघाल्या असत्या. त्याने शोभाला सांगितलं, "बायाइले म्हण, मालकानं गेटावर चहा सांगतला. साऱ्याइले घेऊन जा. हासत हासत जा."

शोभा गेली. एकेक उठू लागली. शेवंताबाई म्हणून एक वयस्क बाई होत्या, त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "एवढ्या उन्हात चहा कोन पेते व? सरबत आनला का सांग, मंग उठतो." बाकीच्या हसल्या. दोघी-तिघी पुन्हा बसल्या. मनोहरने मागे जाऊन सळईवरचे कपडे खाली टाकले, ती उचलून आणली आणि गंजीत घातली. एकीकडे ती सळई आत, दुसरीकडे शोभा शेवंताबाईंच्या दंडाला धरून लाडीगोडी लावते आहे, आणि मी मधे उभी... माझ्या पायांना जमीन भाजत होती तेही मला नंतर कळलं. शेवटी शेवंताबाई कुरकुरत उठल्या, पदर झटकला, चप्पल शोधली. शोधलीच, घाई नाही. त्यांची पाठ कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, तेव्हा मनोहरने सळई ओढून टोकाला हात लावला आणि झटकन काढून घेतला.

त्यानंतर त्याने आरोळी दिली. माणसं पाइप घेऊन धावली. भिंतीकडच्या बाजूने, बाया निजल्या होत्या त्याच बाजूने, गंजी खचली आणि आत हवा शिरताच जाळ बाहेर आला. निम्मी गंजी गेली. भिंत काळी झाली. माणूस एकही भाजला नाही. गेटावर उभ्या राहून बाया ते पाहत होत्या.

मालक बोर्ड काढून फेकायला निघाले. मनोहरने दोन दिवसांची मुदत मागितली. घरी आणून टेबलावर ठेवला तर बोर्ड ठणठणीत चालला, आकडे सरसर बदलू लागले. मनोहर त्याच्याकडे पाहत बसला. मग मान वळवून त्याने मागे पाहिलं. टेबल कूलरसमोर होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात जे काही महत्त्वाचं काम असेल ते कूलरसमोरच होतं. आलेल्या माणसाला आपण तिथेच बसवतो, पोरं अभ्यासाला तिथेच बसतात, आणि त्याने बोर्डाची सगळी परीक्षा तिथेच घेतली होती. त्याने तो उचलून गच्चीवरच्या टिनाखाली उन्हात नेला. काही वेळातच आकडा थिजला. उष्णतेने मेमरी मंदावते, विचारल्यावर उत्तर द्यायला आणखी वेळ घेते, आणि टीव्हीच्या तालाला थांबायला सवड नव्हती.

"मी त्याले पाहुण्यावानी ठेवलं, ताई," तो म्हणाला. "अन् मंग भट्टीत नेऊन बसवलं."

त्याच दुपारी त्याने ती रिकामी जागा भरली. ठोके निम्मे झाले. मी वाटच पाहत होते, पण शोभा बैलगाडीचं काही बोलली नाही. तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि गच्चीवर त्याच्याबरोबर उभी राहिली. बोर्ड उन्हात चालत राहिला. मनोहरने त्यावर एक हिरवा दिवा वाढवला. प्रोसेसर जागा असेल तरच तो लुकलुकणार, थिजला की दिवाही थिजणार. बोर्ड परत बसवताना त्याने सळईसाठी शेजारी दोन खुंट्या ठोकल्या आणि चौकीदाराला सांगितलं की रोज घालायची, बोर्ड काहीही म्हणो. मालकांशी यावरून वाद झाला, यंत्र आहे तर सळई कायले म्हणून. मनोहर मागे हटला नाही. पुढे त्याने दुरुस्त केलेली कोणाचीही वस्तू, रेडिओ असो की पंपाचा स्टार्टर, गच्चीवरच्या टिनाखाली दुपार काढल्याशिवाय परत दिली नाही. लोक वैतागायचे. शेवंताबाई मात्र बाजारात भेटल्या की त्या चहाची आठवण करून द्यायच्या, आणि तो दर वेळी पाजायचा.

तेरवी झाल्यावर मी जिनिंगमध्ये जाऊन आले. मालकांचा मुलगा आता कारभार पाहतो. बोर्ड अजून त्याच गतीने चालतो, बॅटरी तेवढी अनेकदा बदलली. बोर्डाच्या शेजारी भिंतीवर मनोहरने त्या वर्षी ऑइलपेंटने एक ओळ लिहिली होती: दिवा थांबला तर आधी बाया बाहेर. नंतर कितीदा तरी शेडला चुना मारला गेला. प्रत्येक वेळी रंगाऱ्याने तेवढी जागा सोडून मारला आहे. ओळ अजून वाचता येते.