त्याचं बेट आणि माझं कराड

कराडहून निघताना गाडीच्या खिडकीशी उभी राहून आई म्हणाली होती, "आता तो नेईल ते तुझं घर. इकडचं मनात धरून बसू नकोस." नवरा शेजारी खुशीत होता. मी शहाण्यासारखी मान डोलावली. आज ते आठवलं की चीड येते.

आता मी चंदिगडला सेक्टर 39 मधल्या प्रयोगशाळेत काम करते. 'पक्का', 'हांजी' हे इकडचे शब्द तोंडात बसलेत. लेक मुक्ता आठवीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

सध्या आमच्या गाडीत एकच गाणं वाजतं. स्पॅनिश, रेगेटन का काय ते. दणदणीत ठेका आणि वर गळा काढणारा गायक. लग्नाच्या वाढदिवशी नवऱ्याने ते खास माझ्यासाठी लावलं, भर सिग्नलला काचा खाली करून. अर्थ विचारला तर म्हणाला, "प्रेमाचं आहे एवढं कळतं की!"

मुक्ता शाळेत स्पॅनिश शिकते. तिने अर्थ सांगितला. "मम्मा, वो बोल रहा है, अपना गाँव भूल जा, माँ को फोन मत कर, अब मैं ही तेरा घर हूँ. सो रोमँटिक, यार!"

मला अक्षरशः किळस आली.

पुढे त्या गायकाचं चरित्रही तिनेच पुरवलं. कुठल्याशा बेटावरच्या गरीब वस्तीतला मुलगा, लग्नांत गायचा. एक गाणं गाजलं आणि मोठ्या शहरात गेला. मग तेच गाणं कपडे बदलून पुन्हा पुन्हा गायला. हल्ली अत्तराच्या जाहिराती करतो. आणि प्रत्येक मुलाखतीत बेटाच्या आठवणीने ढसाढसा रडतो म्हणे! म्हणजे याने आपलं गाव उराशी धरायचं आणि तिने आईला फोनही करायचा नाही. कसली शिसारी आणणारी माणसं ही, आणि आपण त्यांच्या गाण्यांवर माना डोलावतो.

गावी राहिलेल्यांनो, परमुलखात आलेल्यांनो, दूर कशाला जायचं? आमच्याकडेही दर दिवाळीला ओढ लागते ती नाशिकची, म्हणजे नवऱ्याच्या घराची. कराडच्या वाट्याला उरलेसुरले दिवस. यंदा बाबा गेले, आई एकटी आहे. मी गाडीतच सांगितलं, या दिवाळीला मी कराडला जाणार.

"तिकडे आता काय आहे तुझं?" नवरा सहज बोलून गेला. "नाशिकचंच घर तुझं."

मागून मुक्ता म्हणाली, "पापा, आप भी वही गाना गा रहे हो."

नवऱ्याने गाणं बंद केलं. घरी पोचल्यावर मी वर जाऊन तिकीट काढलं आणि आईला फोन लावला.

"सासरी विचारलंस का?" तिचा पहिला प्रश्न.

"सांगितलंय."

ती हळूच म्हणाली, "यंदा फराळ नाही गं आपल्याकडे."

इकडचं मनात धरू नकोस म्हणणारी माझी आई 'आपल्याकडे' म्हणाली. फराळ गेला खड्ड्यात. मला माझं घर मिळालं.