लाल, पिवळी आणि हापूसच्या दोन पेट्या

कोल्हापूरहून सकाळच्या एसटीने निघाले, तेव्हा नवऱ्याने एकच अट घातली होती. गाडी कुठलीही आण, पण तिच्यात हापूसच्या दोन पेट्या बसल्या पाहिजेत. एवढ्यावर माझं नाटक आटोपेल, अशी त्याची समजूत.

माझा मामेभाऊ श्रीदादा रत्नागिरीत मांडवीला राहतो. जहाजावर इंजिनिअर होता. त्याच्याकडे दोन जुन्या युरोपियन स्पोर्ट्स कार: इटलीची लाल आणि जर्मनीची पिवळी. आता एका गॅरेजात मुलीचा दवाखाना येणार, म्हणून एक गाडी मला द्यायची. निवड माझी.

"कुठलीही ने गो," तो म्हणाला. हातातलं फडकं मात्र लालच्याच आरशावर फिरत होतं.

दोन्हींचं इंजिन सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे. वजन मधोमध, त्यामुळे वळणावर गाडी जणू आपल्या कमरेभोवती फिरते.

आधी आरे-वारेला लाल नेली. खाली समुद्र, वर कातळ (जांभ्याचा उघडा माळ) आणि कानामागे इंजिनाची चढती तान! गिअर खटकन पडत होते. प्रत्येक वळणाला शेजारी बसलेला दादा गालात हसत होता. उतरताना मात्र फजिती. सीट इतकी खाली, की दोन पर्यटक बायकांनी मला विहिरीतून घागर ओढावी तसं वर काढलं. डिकीतली पर्स उघडली, तर लिपस्टिक वितळून रुमालाला लागलेली.

दुपारी तळलेला बांगडा आणि सोलकढी जेवून पिवळीत बसले. हिचा गिअर म्हणजे शिऱ्यात फिरवलेला कालथा, आवाज घोरणाऱ्या काकांचा. पण खड्डे निमूट सोसते, वळणं हसतखेळत घेते.

खरं सांगते, जीव लालवर जडला होता. पण दादाचाही तिच्यावरच होता. सुट्टीवर आला की वहिनीला तो तिच्यातूनच फिरवायचा. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. तुझ्यासाठी सोडते म्हटलं असतं, तर मानी माणूस, हट्टाने लालच माझ्या गळ्यात घातली असती. तेवढ्यात लिपस्टिक आठवली.

संध्याकाळी आंबे आणायला निघालो. दादाला म्हटलं, तू लाल घे, मी पिवळी आणते. मुद्दाम त्याला लांबच्या रस्त्याने नेलं, लाल चांगली तापेपर्यंत. बागेत राखणदार तुकाकाकांनी पेट्या भरून ठेवल्या होत्या. लालच्या पुढच्या भागात फक्त जादा चाक. डिकी ती इंजिनाला चिकटलेली, मागेच. काकांनी आढीची (पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यांची) ऊब बघावी तसा तिच्यात तळहात टेकला आणि झटकन काढला.

"गो बाय, हितं आंबा ठेवशील तर घरी जाईस्तोवर त्याचं साट हुईल."

साट म्हणजे आंबापोळी. मग त्यांनी पिवळीची पुढची डिकी चाचपली. थंडगार. दोन्ही पेट्या नीट बसल्या.

मी कपाळाला हात लावला. "काय करणार दादा, नवऱ्याची अट. लाल तुझ्याकडेच राहू दे."

काकांकडे पाणी मागून दादा तांब्याभर एका दमात प्यायला. मग लालची किल्ली खिशात टाकून त्याने खिसा वरून दोनदा दाबला.

दुसऱ्या दिवशी आंबा घाट चढून पिवळी सुखरूप घरी आली. नवऱ्याने पेट्या मोजून आत नेल्या. आठवड्याने आंबे पिकले, तेव्हा दादाचा फोन आला. पिवळी निवडून चुकल्यासारखं वाटत नाही ना, म्हणून विचारत होता. त्याच्यामागे लालचं इंजिन सुरू होतं.

"छे," म्हटलं आणि फोन जरा कानाशी दाबून धरला.