अर्थिंग नाही, तर ओव्हन नाही!

वायरमनच्या बॅगेत पक्कड, टेस्टर आणि टेप एवढंच असतं, असं लोकांना वाटतं. पण घुग्घुसच्या गल्ल्यांत बारा वर्षं ही बॅग घेऊन फिरल्यावर माझ्याकडे सामानापेक्षा किस्सेच जास्त जमलेत. त्यातले निम्मे ओव्हनचे! आता घरोघरी केक होतात. जुना ओव्हन बिघडतो, नवा मोठा येतो आणि मला फोन येतो. माझी अट एकच. मेन बोर्डापासून वेगळी जाड तार, जास्त लोड आला की आपोआप पडणारा वेगळा एमसीबी आणि चालू अर्थिंग. यातलं एकही नसेल तर मी जोडत नाही, मग समोर कोणी का असेना.

*

सुरुवातीला एका घरी गेले. काकूंनी पाणी दिलं, बसवलं, चहा टाकला. अर्धा तास झाला तरी ओव्हन काही दाखवेनात. शेवटी मीच विचारलं.

"थांब न बाई," काकू म्हणाल्या, "वायरमन येऊन राह्यला. तो आल्यावर दाखवू!"

*

एका भाऊंनी तर माझी वाटच पाहिली नाही. ओव्हनची जाड पिन मोबाईल चार्जिंगच्या बोर्डात जाईना, म्हणून पिन कापली, दोन्ही तारा सॉकेटमध्ये खोचल्या आणि आगपेटीच्या काड्या ठोकून घट्ट केल्या. बोर्ड हाताला चटका देत होता.

मी मेन बंद करून ओरडले, "भाऊ, आग लागन ना!"

"कशी लागन? काड्यांचा गुल काढून मंगच ठोकल्या ना मी!"

*

माझे कामातले जोडीदार नामदेवभाऊ माझ्याहून कडक. ते काम करत असताना एकदा कोणीतरी सिरियलसाठी मेन चालू केला होता. तेव्हापासून ते आधी मेनचा फ्यूज काढून खिशात टाकतात. एका घरची नवी लाईन ओढून झाली आणि भाऊ तसेच लग्नासाठी अहेरीच्या बसमध्ये बसले.

वाटेत फोन आला. "भाऊ, आमच्या घरची लाईट तुमच्या खिशात गेली!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "खिशात हाये तवरक कोणालेच शॉक लागत नाई!"

*

शोभाताईच्या घरी मात्र मला हसू आलं नाही. नवरा कोळसा खाणीत, घरात सासू कमलाबाई आणि दोन लहान मुली. शोभाताई केकच्या ऑर्डरी घेते. मी गेले तेव्हा ती साडीवर नवऱ्याचे खाणीतले गमबूट घालून जुन्या ओव्हनसमोर उभी होती!

"हे काऊन?"

"चावते न तो. बूट घातले का नाई चावत. वर्षभर असंच चालून राह्यलं."

घरात अर्थिंगच नव्हतं. म्हटलं, "आधी अंगणात खड्डा खणा. तोवर नवा ओव्हन खोक्यातच राहील."

कमलाबाई कडाडल्या, "कालच सारवलं अंगण! दुसरा वायरमन दहा मिनिटांत जोडून देते."

"त्याले बलवा. मी नाई जोडत."

दुसऱ्या दिवशी बारशाचा केक द्यायचा होता. शोभाताई रडवेली झाली. मलाही वाईट वाटलं, पण बॅग काही उघडली नाही. एवढंच म्हटलं, "बूट तुमच्या सुनेच्या पायात हायेत, कमलाबाई. नाती तं अनवाणीच फिरतात घरात."

तेव्हा ड्युटीवरून येऊन झोपलेल्या मुलाला कमलाबाईंनीच उठवलं आणि हातात कुदळ दिली.

मुरमाची जमीन, घामाच्या धारा. रॉड उतरवला, भोवती मीठ-कोळसा भरला, पाणी ओतलं. लाईन आणि अर्थिंगच्या मध्ये लावलेला टेस्टचा बल्ब मिणमिणला. "अजून पाणी!" चार बादल्यांनंतर बल्ब लख्ख पेटला. मग तार, एमसीबी, नवा ओव्हन. चालू केला, टेस्टर लावून पाहिला, सगळं ठीक.

"लावा हात," मी शोभाताईला म्हटलं. तिचा हात पुढे होईना.

कमलाबाईंनी तिला मागे ओढलं. स्वतःच्या चपला काढल्या.

"सरक. आधी मी लावते. पोरींले माय पायजे."

डोळे गच्च मिटून त्यांनी दोन्ही तळवे ओव्हनवर ठेवले. जरा वेळाने त्यांनी एक डोळा उघडला.

"पाहत काय राह्यली? तापला न हा! केकाचं भांडं आण लवकर!"