बस्तीच्या भिंतीवरचा बुलबुल

रोज सकाळी गुणमाला दुपदरी फडक्यातून पिण्याचं पाणी गाळायची. फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव मरू नयेत म्हणून ते गाळलेल्या पाण्यात विसळायची आणि ते पाणी परसातल्या आडात हलकेच सोडायची. सांगलीजवळच्या त्या गावात घरोघरी फिल्टर आले, तसं बाकीच्या जैन घरांनी हे कधीच सोडलं होतं. अशा बाईला कुणी हिंसक म्हणावं?

म्हणणारा होता तिचा थोरला दीर पायगोंडा, गावच्या बस्तीचा, म्हणजे जैन मंदिराचा, विश्वस्त.

आणि ज्यावरून तो म्हणाला, तो कागद कोरायचा नाद तिला लावला होता पायगोंडाच्याच लेकीनं. प्रियदर्शनी कंपनीच्या कामासाठी जपानला गेली, ती येताना विधवा काकूला झाडाच्या सालीपासून केलेला कागद आणि पेनासारखं बारीक पातं घेऊन आली. तिथली माणसं कागद कोरून पानं, किडे, पाखरं कशी उभी करतात, ते तिनं शेजारी बसून शिकवलं. गुणमालाचा हात बसला. थरावर थर चढवून तिनं शाळूचं कणीस केलं, त्यावर बुलबुल बसवला. वारा आला की त्याची पिसं हलायची.

पर्युषण पर्वात महिला मंडळानं बस्तीच्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन मांडलं. पायगोंडा बघत बघत आला आणि बुलबुलापुढं थांबला.

"पाखरं कापलीयास व्हय? आन् ती बी पर्वात? पिठाचा प्राणी करून कापला तरी पाप लागतं आपल्यात. ठावं न्हाई तुला?"

"आवं अण्णा, पाखरू कुठं कापलंय? कापायचा त्यो भवतीचा कागद. उरतं ते पाखरू."

"लय शानी झालीस. आता जपानी शास्त्र शिकीव मला."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कुणाला हसल्या कोण जाणे, पण पायगोंडाला ते झोंबलं. त्यानं बुलबुल खिळ्यावरून ओढला आणि मानेपासून पंखापर्यंत टरकन फाडला.

गुणमाला पुढं झाली. नवऱ्यामागं तिनं या माणसापुढं कधी मान वर केली नव्हती.

"मी कापला त्यो कागद, अण्णा. तुमी मारलं ते पाखरू!"

"काकू, राहू दे," प्रियदर्शनी तिचा दंड धरून म्हणाली. "मी साताऱ्याला माझ्याकडं नेते सगळं. तिथं कौतुक करतील लोक."

"कौतुकासाठी मी का गाव सोडू? हितंच लागंल. फाटलेलंच लागंल."

स्टुलावर चढून तिनं तो बुलबुल त्याच खिळ्याला अडकवला, मान लोंबतीच ठेवून. "आता काढा कुणाला काढायचाय त्यानं. बघू पाप कुणाला लागतंय."

कुणी काढला नाही. प्रदर्शन उठलं, पर्व सरलं, बुलबुल राहिला. प्रवचनाला बसलं की तो पायगोंडाच्या नेमका समोर यायचा. त्यानं जागा बदलली.

गुणमाला कोरत राहिली, दिराशी मात्र अवाक्षर बोलली नाही. घरच्या पंगतीत ताट त्याच्यापुढं आदळायची आणि पुढं सरकायची. एवढा राग आपल्या धर्मात शोभत नाही, असं कुणी म्हटलं की विचारायची, "मग त्यांला शोभला व्हय?"

गेल्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. एका दुपारी पायगोंडा काठी टेकत दारात येऊन उभा राहिला.

"चुकलं माजं, गुणमाला."

ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. वळली नाही. बोलली, ते उशाशी बसलेल्या प्रियदर्शनीशी, आणि तेच तिचं शेवटचं बोलणं.

"खुर्ची दे गं तुज्या बापाला. गुडघं दुखत्यात त्यांचं."