काजळी लावलेला कोंबडा

मुलुंडला आम्ही बैठ्या चाळीत शेवटच्या खोलीत राहायचो. मागे थोडी मोकळी जागा होती, तिथे सासूबाईंनी कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांचा जुना कोंबडा मुंगसाने नेला, तेव्हा माझ्या आईने कोकणातून माझ्या भावाबरोबर बोटीने दोन तरणे कोंबडे पाठवले. एक तांबडा, एक करडा. लग्नानंतर माहेराहून आलेलं ते पहिलंच काही. दोघेही राहावेत असं मला फार वाटत होतं, पण बोलले नाही. त्या घरात मी बोलतच नसे.

सासूबाईंनी आधी त्यांना टोपलीखाली ठेवलं, कोंबड्यांना नुसते दिसतील असे. मग एका तिन्हीसांजेला खुराड्यात सोडलं. तांबड्याने लगेच आपली जागा धरली. करड्याला कोंबड्यांनी कोपऱ्यात घेऊन त्याचा तुरा फोडला.

"रगात दिसला की कोंबयो सोडूच्यो नाय," सासूबाई म्हणाल्या. "तव्याची काजळी फास त्येका. आणि दाणे तुझ्या हातान घाल, नायतर उपाशी मरात."

रोज सकाळी त्याला मांडीवर धरून मी तुरा काळा करायचे. आधी तो धडपडायचा, मग मान पुढे करून गप्प बसू लागला. घरात कुणी नसलं की मी त्याच्याशी गावच्या गोष्टी बोलायचे. यजमान एकदा कारखान्यातून लवकर आले आणि बघून म्हणाले, "काजळ लावून कुठे चाललाय हा, लग्नाला?" मी आत पळाले.

हळूहळू जखम भरली. करडा कोंबड्यांत चरू लागला, संध्याकाळी आपणच दांडीवर जाऊन बसू लागला. मला वाटलं, निभावलं. पण इतके दिवस त्याच्याकडे न बघणारा तांबडा आता त्याच्यावर धावून जाऊ लागला. मागे सगळीकडे पिसं पडलेली.

"दोन कोंबे एका खुराड्यात रवाचे नाय," सासूबाई म्हणाल्या. "आयतवारी एक कापूया."

"आये, तिच्या माहेरचे आहेत ते," यजमान म्हणाले. "तिलाच विचार कुठला कापायचा."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी जमिनीकडे बघत उभी. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जो धरूक गावतलो, तो घेवन ये."

रविवारी मी मागे गेले. तांबडा मला पाहून कुंपणावर चढला. कोंबड्या पांगल्या. करडा मात्र पायाशी आला आणि मान पुढे करून उभा राहिला. मी त्याला उचलला आणि यजमानांच्या हातात दिला.

दुपारी रश्श्यासाठी खोबऱ्याचं वाटप मीच वाटलं. जेवताना सासूबाईंनी तंगडी माझ्या ताटात वाढली. "तुझ्या आवशीन धाडलेलो," म्हणाल्या. त्या प्रेमाने म्हणाल्या, हे मला कळत होतं. नको म्हणायला तोंड उघडलं नाही. मी खाल्ली.