वारा घालायला दिलेलं पत्रक

उन्हात कोसळलेल्या अनोळखी माणसाला वळसा घालून तुम्ही कधी पुढे गेला आहात का? मी गेलो. काल एसटी स्टँडवर मी स्वतः लिहिलेलं पत्रक वाटत होतो: ‘परोपकार ही फक्त वंश टिकवण्याची युक्ती’. मागे पाहिलं, तर गजरे विकणाऱ्या मावशी त्याला एकट्याच सावलीत ओढत होत्या.

“ओळखीचा आहे का, मावशी?”

“नाही रे. ऊन ओळखीचं आहे. तो कागद दे इकडे, वारा घालते.”

मी पत्रक दिलं. मदतीची प्रेरणा कुठून आली, हे विज्ञान सांगेल. ती माझ्यातही असताना मी पुढे का गेलो, याचा जाब मात्र मलाच द्यायचा आहे. माझं पत्रक हाती आलं, तर वाचण्याआधी जवळपास कुणी पडलंय का, तेवढं बघा.